गुलाम हुसेनच्या सायकलचा चिमटा

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक उगाच रेंगाळलं की माझं डोकं फिरतं. पंक्चर असेल तर पंक्चर सांगावं, हवा असेल तर हवा भरून वाटेला लागावं. कोन गावच्या नाक्यावर, कल्याण-भिवंडी रस्त्याला लागूनच माझं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पुढे एक बाकडं आणि दिवसभर ट्रकांची धूळ. तिथे बसून मी निम्मं आयुष्य काढलं, तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली, पण गुलाम हुसेनसारखं गिऱ्हाईक दुसरं झालं नाही. सत्त्याण्णव साली त्या माणसाने सायकलचा पुढचा चिमटा निवडण्यात अख्खा उन्हाळा घालवला.

चिमटा म्हणजे हँडलच्या खाली असते ना, पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी लोखंडी बेचकी, तो. एरवी चिमटा ही काही निवडायची वस्तू नाही. जुना वाकला की त्याच मापाचा नवा टाकायचा. मी चिमटा बदलतो तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाचा चहासुद्धा पिऊन होत नाही.

गुलाम हुसेन आमच्या कोनचाच, कोकणी मुसलमान, शाळेत माझ्या बाकावर बसलेला. उंच, थोडा पोक काढून चालणारा, आणि बोलायच्या आधी हसणारा. केसांत कायम लूमचा कापूस अडकलेला, त्यामुळे तरुणपणीही तो अर्धा पिकलेला दिसायचा. निर्णय घेणं हे त्याच्या रक्तातच नव्हतं. मासळीवालीसमोर उभा राहिला की मांदेली घेऊ का बोंबील, यात तिची पाटी रिकामी व्हायची आणि हा रिकाम्या हाताने घरी जायचा. त्याची बायको बिल्किस म्हणायची, याचं लग्न त्याच्या बापाने ठरवलं म्हणून झालं, याच्यावर सोडलं असतं तर मी अजून माहेरीच असते.

पण एकदा का तो लूमखाली जाऊन बसला की हाच माणूस वेगळा व्हायचा. त्याचं काम धागे सांधायचं. लूमवर कापडाच्या उभ्या धाग्यांचा मोठा रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. तो संपला की नवा बीम चढवतात आणि जुन्या धाग्यांच्या टोकांना नव्या बीमचा एकेक धागा जोडून घेतात. हजारो धागे. गाठ मारायची नाही. गाठ लूमच्या फणीत अडकते. अंगठा आणि पहिलं बोट राखेला लावायचं, दोन टोकं जवळ घ्यायची, एक पीळ द्यायचा आणि पुढच्या धाग्याला हात घालायचा. पीळ नीट बसला तर लूम चालू झाला तरी जोड सुटत नाही. सैल बसला तर धागा निसटतो, लूम बंद पडतो, कापडाला डाग राहतो आणि शेठ शिव्या घालतो.

गुलाम हुसेन हे काम न बघता करायचा. तुमच्याकडे तोंड करून गप्पा मारायचा, हसायचा, आणि खाली त्याची बोटं चाललेली. भिवंडीत लाईट जाणं काही नवीन नाही. लाईट गेली की सगळा कारखाना बाहेर येऊन विड्या ओढायचा आणि हा आत अंधारात सांधत बसायचा. कोन, भिवंडी, काल्हेर, कुठल्याही शेडमध्ये बीम संपला की लोक त्यालाच बोलावणं धाडायचे.

त्याची सायकल त्याच्या धाकट्या भावाने आणलेली. यूनुस कुवेतला ड्रायव्हर होता. एका सुट्टीत तो खोक्यात घालून ही सायकल घेऊन आला. जाडजूड टायर, सपाट हँडल आणि पुढच्या चिमट्यात दोन्ही बाजूंना स्प्रिंग. असल्या स्प्रिंगच्या चिमट्याला आम्ही जंपर म्हणतो. ती सायकल डोंगरावर चालवायची असते असं यूनुसने सांगितलं. गुलाम हुसेन ती चालवणार कोन ते भिवंडी आणि भिवंडी ते काल्हेर. चढ म्हणाल तर कशेळीच्या पुलाचा, तोही काल्हेरच्या पुढे जावं लागलं तरच. आम्ही त्याची भरपूर टिंगल केली. तो हसायचा आणि दांडीवरून फडकं फिरवायचा. भावाने आणलेली चीज होती, त्याला तिचा अभिमान होता.

त्या वर्षी थंडी संपता संपता त्याच्या सायकलचा जंपर गेला. खड्ड्यात चाक आपटलं, डावीकडची स्प्रिंग आत गेली ती वर आलीच नाही. चाक एका बाजूला झुकलं. सायकल ढकलत तो माझ्याकडे आला आणि बाकड्यावर बसला.

"भाऊ, याला कंचा चिमटा बसवायचा?" त्याने विचारलं.

"साधा लोखंडी बसवतो. दुपारी घेऊन जा."

"साधा?" तो म्हणाला. "मंग हाताला हादरं लागतील ना?"

"मंग जंपर मागवतो मुंबईहून."

"जंपर तर होताच," तो म्हणाला. "त्यानं काय जाला?"

मला काहीच कळेना. हा नक्की कशाबद्दल बोलतोय? तेव्हा त्याने आपला उजवा हात पुढे केला आणि अंगठा पहिल्या बोटावर घासून दाखवला.

"मना हितं काय लागत न्हाय," तो म्हणाला. "धागा हाय का न्हाय, कलत न्हाय. बगावा लागतं."

तीन-चार महिन्यांपासून त्याची बोटं बधीर होत होती. आधी सकाळी, मग दिवसभर. भिवंडीच्या डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता, कशावरून येता-जाता. त्याने सायकल सांगितली. डॉक्टर म्हणाले, हाताला सारखे हादरे बसत असतील, ते आधी बंद करा. नाही फरक पडला तर मग पुढच्या तपासण्या बघू. झालं. गुलाम हुसेनने तेवढंच धरून ठेवलं. त्याच्या लेखी आता सगळा प्रश्न चिमट्याचा होता. बरोबर चिमटा बसला की बोटं परत येणार. बोटं परत आली नाहीत तर करणार काय? दुसरं काही काम त्याला येत नव्हतं, आणि त्या वयात त्याला दुसरं काही शिकवणारंही कोणी नव्हतं. हे त्याने मला सांगितलं नाही. मला ते माहीत होतं.

आता चिमट्याचं म्हणाल तर त्यात भानगडी पुष्कळ होत्या, हे मी कबूल करतो. जंपर खड्डे खातो हे खरं, पण चांगल्या रस्त्यावर प्रत्येक पायडलला तो खालीवर होतो, आणि निम्मा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. शिवाय वजनाने जड. साधा चिमटा हलका, सरळ. पण रस्त्यावरचा खडा न् खडा हातात येतो. त्यातही माझ्याकडे होता तो साधा चिमटा त्या सायकलला दोन बोटं आखूड पडत होता. सायकल पुढे वाकायची आणि अंगाचा सगळा भार तळहातांवर यायचा. लांब साधा चिमटा मिळत होता, पण त्याला ब्रेक बसवायला वेल्डिंग करून खुंट्या लावाव्या लागणार होत्या. मी हे सगळं त्याला समजावून सांगितलं, आणि तिथेच माझं चुकलं. तीन रस्ते दाखवल्यावर गुलाम हुसेन कुठल्याच रस्त्याने जात नाही.

मग रोजचं सुरू झालं. तो यायचा, बाकड्यावर बसायचा.

"आपली सायकल रस्त्यावरच जास्त ना?" तो म्हणायचा. "मंग जंपर कशाला?"

"बरोबर. साधा लावतो."

"पन रस्ता कुठं हाय? खड्डेच हायत."

"मंग जंपर."

"जड हाय बोलतोस ना तू."

आणि बाकड्यावर दाजी. दाजी म्हणजे माझा मेव्हणा, एसटीचा रिटायर ड्रायव्हर, दुकानात पेपर वाचायला येणारा. त्याने आणखी घोळ घातला. म्हणाला, गाडी रिकामी असली की पाट्याची स्प्रिंग जास्त हादरे देते, भरलेली असली की कमी. तेव्हा गुलाम हुसेनने पुढे हँडलला वजन बांधावं. गुलाम हुसेनने ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी तो हँडलला बांधायला दगडांची पिशवी घेऊन आला. मी ती पिशवी गटारात रिकामी केली आणि दाजीला त्या दिवसापुरता हाकलून दिला.

शेवटी मीच म्हटलं, बोलणं पुरे, चालवून बघ. जंपर मी मुंबईच्या मार्केटमधून पसंत नसेल तर परत करायच्या बोलीवर आणला. लांब चिमटा भिवंडीहून आणून त्याला वेल्डिंग करून खुंट्या लावल्या. मग एकदा हा बसव, एकदा तो बसव, असं चालू झालं. तो भिवंडीच्या दिशेने एक फेरी मारून यायचा. सायकल मी दुकानातच ठेवून घेतली होती, कारण अर्धी कामं उघडीच होती.

त्याची परीक्षा करायची पद्धत मी जन्मात विसरणार नाही. फेरी मारून आला की तो मला कसं वाटलं ते सांगायचा नाही. बाकड्यावर बसायचा, खिशातून सुताची लड आणि राखेची डबी काढायचा आणि सांधायला लागायचा. धाग्याला धागा, पीळ, पुढचा धागा. मग दोन्ही हातांनी ओढून बघायचा. जोड टिकला तर चिमटा चांगला. सुटला तर वाईट. सायकल चालायला जड आहे का, हँडल सरळ राहतं का, ब्रेक लागतो का, हे असलं काही त्याच्या हिशेबातच नव्हतं. जगात कोणी सायकलचा चिमटा सुताने तपासला नसेल. सांधणाऱ्यालाच हे सुचू शकतं.

जंपर लावला, जोड सुटले. आखूड साधा लावला, जोड सुटले. लांब लावला, तेव्हा काही टिकले, तो खूश झाला. आणि दुसऱ्या दिवशी त्याच चिमट्यावर सगळे सुटले. मग त्याला वाटलं जंपरच्या वेळी टायरात हवा जास्त होती. परत जंपर. मग वाटलं हँडलची मूठ बारीक आहे. तिला मी रबर गुंडाळलं. मग वाटलं सीट मागे हवी. मी सीट मागे घेतली. दुकानात बाकीची कामं पडून होती, शाळेच्या मास्तरांची सायकल भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती, आणि मी एकाच सायकलची मुंडी, म्हणजे हँडलखालचा सांधा, रोज उघडत होतो, रोज बंद करत होतो. एक दिवस माझा पारा चढला.

"अरे, चिमटा निवडतोस का पोरीला नवरा बगतोस?" मी ओरडलो. "कंचातरी एक बोल आनि मना मोकला कर."

"बोलतो ना," तो म्हणाला. "उद्या बोलतो."

मलाही तोवर काही कळेनासं झालं होतं. मी इतकी वर्षं हे काम करतोय. जंपर चांगला की साधा, असं कोणी विचारलं तर डोळे मिटून सांगेन, रस्त्यावर साधा, दुसरा विचार करू नको. आणि आता मीही रात्री जेवताना बायकोला, कमळला, विचारायला लागलो होतो की लांब चिमट्याला जाड टायर लावला तर? तिने ताट उचललं आणि आत निघून गेली.

एका दुपारी बिल्किसभाभी दुकानात आली. ती अशी कधी यायची नाही. बाकड्यावर न बसता उभीच राहिली, डोक्यावरचा पदर सारखा करत.

"भाऊ, तुमी याचं काय ते एक ठरवून टाका," ती म्हणाली. "घरात पन तोच विषय. झोपेत पन चिमटा चिमटा करतंय."

"मी काय ठरवनार भाभी? त्यालाच ठरत न्हाय."

तिने इकडेतिकडे बघितलं. दाजी पेपरात होता. तिने आवाज खाली घेतला.

"काल्हेरच्या शेठनं त्याला घरी पाठवला. याचे जोड सुटले, लूम दोनदा बंद पडला. आता शेठनं दुसरा मानूस बगितलाय. हा मना बोलला, चिमटा बसला का परत जाईन. मी काय बोलू त्याला?"

"मंग इतके दिवस कामाला गेला कसा?" मी विचारलं. "सायकल तर माझ्याकडं हाय."

"रिक्षात बसून, न्हायतर चालत," ती म्हणाली. "दीड महिना जाला."

ती गेल्यावर मी पाना हातात धरून बराच वेळ बसलो. दीड महिना. म्हणजे दीड महिना तो सायकलवर बसला ते फक्त माझ्या दुकानासमोर, एक फेरी मारण्यापुरता. बाकी हादरे बंदच होते, डॉक्टर म्हणाले तसे. आणि तरी काल्हेरला जोड सुटले. हे माझ्यासारख्या अडाण्याच्या लक्षात आलं, तर त्याच्या आलं नसेल? मला वाईट वाटलं, आणि रागही आला, कोणावर ते कळलं नाही. दाजीला म्हटलं, पेपर घेऊन घरी जा.

शुक्रवारी लूमला सुट्टी असते. त्या शुक्रवारी नमाज झाल्यावर गुलाम हुसेन आला. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, केस धुतलेले. बाकड्यावर बसला आणि नेहमीसारखा हसला.

"आज जंपरच लाव परत," तो म्हणाला. "मना वाटतं त्या दिशी मी हँडल जास्त घट धरलेला."

मी सायकलला हात लावला नाही.

"आदी सांध," मी म्हटलं. "मंग चालव."

"आदी?"

"हां. सायकलवर बसायच्या आदी."

एक ट्रक गेला आणि त्याची धूळ खाली बसली. त्याने सबब सांगितली असती तर मी ऐकली असती. नमाजावरून आलोय, राख आणली नाही, काहीही. पण त्याने खिशातून लड काढली, डबी काढली, झाकण उघडलं. अंगठा आणि बोट राखेला लावलं आणि दोन टोकं जवळ घेतली.

तो खाली बघत होता. बोटांकडे डोळे लावून, मान वाकवून सांधत होता. मी त्याला असं सांधताना कधी पाहिलं नव्हतं. एक पीळ दिला, दुसरा दिला, मग सावकाश ओढला. सुटला. परत दिला. सुटला. डाव्या हाताने करून बघितलं. मग त्याने सगळं सूत गोळा केलं, लड पहिल्यासारखी गुंडाळली आणि खिशात ठेवली.

"साधाच लाव," तो म्हणाला.

"कंचा? आखूड का लांब?"

"कंचा पन. हाताशी येल तो."

दीड-दोन महिने मी याच एका वाक्यासाठी त्याचं डोकं खात होतो. आता ते मिळालं आणि मला ते अजिबात नको होतं. मी आखूड चिमटा भिंतीवरून काढला. परत टांगला. लांब काढला. मग पाना उचलला आणि तोही खाली ठेवला. गुलाम हुसेन माझ्याकडे बघत नव्हता. रस्त्याकडे बघत होता, कशाचीच वाट न बघणाऱ्या माणसासारखा. माझ्याने ते सहन झालं नाही.

"थांब जरा," मी म्हटलं. "मी मुंबईला एक सांगून ठेवलाय."

"काय?"

"चिमटा. वेगलाच हाय. आत स्प्रिंग न्हाय, रबर हाय. हाताला कायच लागत न्हाय बोलतात."

असा चिमटा मी पाहिला नव्हता. कोणाला काही सांगूनही ठेवलं नव्हतं. गुलाम हुसेन माझ्याकडे वळला. शाळेपासून तो मला ओळखत होता. मी खोटं बोलताना कसा बोलतो हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"रस्त्यावर चालंल तो?" त्याने विचारलं. "आपली सायकल रस्त्यावरच जास्त."

"रस्त्यासाठीच बनवलाय."

"जड असंल."

"न्हाय. साध्यापेक्षा हलका."

"मंग ब्रेकचा काय?"

"खुंट्या हायत त्याला. वेल्डिंग लागनार न्हाय."

"लांबीला बरोबर येल?"

"मी माप दिलाय."

तो थोडा पुढे सरकून बसला.

"रंग कंचा हाय?"

"दोन हायत," मी म्हटलं. "काला नि लाल. तुला कंचा पायजे?"

त्यावर गुलाम हुसेन विचारात पडला, आणि मी त्याला घाई केली नाही.